व्हँडेलियाचा आमदार

४ ऑगस्ट १८३४ रोजी इलिनॉय राज्यातल्या सँगामन काउंटीत विधानसभेसाठी मतदान झालं, तेव्हा मतपेटी नव्हती की मतपत्रिका नव्हती. मतदार टेबलापाशी यायचा आणि आपली पसंती सगळ्यांच्या देखत मोठ्यानं सांगायचा. कारकून ती वहीत टिपून घ्यायचा. कोण कुणाच्या बाजूनं गेलं हे संध्याकाळपर्यंत गावात कुणापासून लपून राहत नसे. एकवीस वर्षांवरच्या आणि सहा महिने राज्यात राहिलेल्या कुठल्याही गोऱ्या पुरुषाला मत देता येई. बायकांना आणि काळ्या माणसांना त्या टेबलापाशी जागा नव्हती.

चार जागांसाठी तेरा उमेदवार होते. दुसऱ्या क्रमांकाची, म्हणजे १,३७६ मतं पडली ती अब्राहम लिंकन नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाला. न्यू सेलम या नदीकाठच्या खेड्यात तो टपाल सांभाळत होता आणि जमीनमोजणीची कामं घेत होता. भागीदारीत काढलेलं दुकान बुडालं होतं आणि त्याचं कर्ज डोक्यावर होतं. पुढे जगानं त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखलं. राष्ट्राध्यक्षपद त्यानं चार वर्षांहून थोडं अधिक सांभाळलं, आमदारकी मात्र सलग चार मुदती, आठ वर्षांची केली. या आठ वर्षांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. लाकडाच्या झोपडीतून चरित्रं थेट गेटिसबर्गच्या भाषणापर्यंत पोचतात. मधल्या काळातला माणूस मतं मोजायला शिकला, राज्याला कर्जाच्या खाईत लोटणाऱ्या योजनेला हिरिरीनं पाठिंबा देऊन बसला आणि एकदा, फक्त एकदा, सभागृहाच्या जवळजवळ एकमुखी ठरावाविरुद्ध आपलं म्हणणं लेखी नोंदवून गेला. तो माणूस समजून घेतल्याशिवाय नंतरचा लिंकन समजत नाही असं मला वाटतं.

इलिनॉय तेव्हा सरहद्दीवरचं राज्य होतं. १८१८ साली ते संघराज्यात आलं. १८३० च्या जनगणनेत तिथे १,५७,४४५ माणसं होती, दहा वर्षांत ती ४,७६,१८३ झाली. ही जमीन रिकामी पडलेली नव्हती. १८३२ साली सॉक जमातीचा नेता ब्लॅक हॉक आपल्या लोकांना घेऊन मिसिसिपी ओलांडून जुन्या गावाकडे परत आला, तेव्हा त्याच्यावर फौज धाडली गेली आणि ऑगस्टमध्ये बॅड अ‍ॅक्स नदीच्या मुखापाशी बायकापोरांसह त्याच्या लोकांची कत्तल झाली. या मोहिमेतल्या स्वयंसेवकांच्या एका तुकडीनं लिंकनला आपला कप्तान निवडलं होतं. प्रत्यक्ष लढाई त्यानं पाहिली नाही. पण पुढे विधानसभेत ज्या जमिनीवर रेल्वे आणि कालव्यांच्या रेघा ओढल्या गेल्या, ती जमीन कशी मोकळी करण्यात आली हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्याच १८३२ साली लिंकन पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. मार्चमध्ये 'सँगामो जर्नल' या पत्रात त्याचं निवेदन छापून आलं. त्यात मोठमोठ्या तत्त्वांपेक्षा नदीविषयीच जास्त लिहिलेलं होतं. रेल्वे हवी हे खरं, पण तिचा २,९०,००० डॉलरचा अंदाजित खर्च ऐकून धडकी भरते, त्यापेक्षा सँगामन नदीची वळणं सरळ करा, वाहून आलेले ओंडके काढा, म्हणजे बोटी चालतील, असा त्याचा हिशेब होता. शिक्षण आणि सावकारी व्याज हेही मुद्दे त्यात होते. नदीची परीक्षा लगेच झालीही. 'टॅलिस्मन' नावाची आगबोट स्प्रिंगफील्डजवळपर्यंत चढून आली, लोकांनी जल्लोष केला आणि आठवड्याभरात पाणी उतरू लागलं. परतताना न्यू सेलमच्या बंधाऱ्याचा काही भाग काढावा लागला तेव्हा बोट सुटली. ती खाली नेणाऱ्यांत लिंकनही होता. निवडणुकीत तो तेरा जणांत आठवा आला. पण स्वतःच्या गावच्या मतदान केंद्रावर, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, त्याला २७७ जणांनी मतं दिली आणि फक्त सात जणांनी दिली नाहीत. गाव ओळखीचं होतं, काउंटी अजून नव्हती. पुढची दोन वर्षं टपाल पोचवण्यात आणि शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. या दोन्ही कामांनी त्याला दारोदार नेलं. १८३४ चा विजय त्या पायपिटीतून आला.

राजधानी व्हँडेलियाला होती. निवडून आल्यावर लिंकननं कोलमन स्मूट या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले. त्यातले ६० डॉलर कपड्यांवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं शिंप्याकडून अंगाचं माप देऊन सूट शिवून घेतला. मग घोड्यांच्या टपाल गाडीनं सुमारे दीड दिवसाचा प्रवास. व्हँडेलिया हे हजाराच्या आतल्या वस्तीचं गाव. विधानभवन म्हणजे दोन मजली विटांची इमारत, दहा वर्षांतच भिंती फुगलेल्या आणि गिलावा पडायला लागलेला. खाली पंचावन्न प्रतिनिधी बसत, वर सव्वीस सिनेटर. थुंकण्यासाठी वाळूच्या पेट्या होत्या, प्यायला पाण्याची बादली आणि टिनचे पेले, अंधार पडल्यावर मेणबत्त्या. भत्ता दिवसाला तीन डॉलर. जमीनमोजणी करून पोट भरणाऱ्याला ही रक्कम लहान नव्हती.

पहिल्या अधिवेशनात तो फारसा बोलला नाही. सँगामनचाच जॉन टॉड स्टुअर्ट हा वकील त्याच्या खोलीत राहत होता आणि दोघांच्या व्हिग पक्षाची सूत्रं त्याच्याकडे होती. खोलीवर सतत कुणी ना कुणी आमदार येत, जुळवाजुळव चाले आणि लिंकन ऐकत बसे. कायद्याची पुस्तकंही त्याला स्टुअर्टनंच दिली. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचे न्यायाधीश, यांच्या अधिकारकक्षेविषयीचं त्याचं एक विधेयक पडलं. मंजूर झालं ते सॅम्युएल म्युझिक नावाच्या गृहस्थाला सॉल्ट क्रीकवर टोल घेणारा पूल बांधू देणारं. ओढ्यावरचा एक पूल, हाती लागलेली भटकी गुरं परत करण्याचे नियम, या दोन गावांमधून जाणारा रस्ता की त्या दोन, अशाच गोष्टींनी त्या सभागृहाचा बराचसा वेळ व्यापलेला असे. सरहद्दीवरच्या आमदाराचं हेच खरं काम. पूल झाला तर धान्य गिरणीपर्यंत पोचे, नाही झाला तर शेतकरी पाणी उतरायची वाट पाहत बसे. विधेयकाचा मसुदा स्वच्छ, नेमक्या भाषेत लिहिणारा माणूस तिथे विरळा होता. लिंकनचं अक्षर आणि भाषा दोन्ही चांगली, त्यामुळे इतर सदस्यही आपली विधेयकं त्याच्याकडून लिहून घेऊ लागले. त्याची गद्यशैली घडण्यात या रुक्ष मसुद्यांचा वाटा मोठा असावा. एक शब्द सैल राहिला तर उद्या कोर्टात भांडण होईल, ही जाणीव लेखकाला फार शिकवते.

१८३६ साली तो काउंटीत सर्वांत जास्त मतं घेऊन निवडून आला. त्या वर्षी त्यानं जाहीर केलेल्या भूमिकेत म्हटलं होतं की कर भरणाऱ्या किंवा शस्त्र उचलणाऱ्या सर्व गोऱ्यांना मताधिकार असावा आणि त्यातून स्त्रियांना वगळण्याचं कारण नाही. स्त्रियांचं नाव घेणारं हे वाक्य १८३६ च्या इलिनॉयमध्ये धाडसाचं आहे. त्यातला 'गोऱ्या' हा शब्दही तितकाच लक्षात ठेवायला हवा, कारण त्याच वर्षीच्या जानेवारीत, काळ्यांच्या मतांनी मताधिकार बाटू नये अशा आशयाच्या ठरावाच्या बाजूनं त्यानं मत दिलं होतं. हे मत चरित्रांत बहुधा येत नाही. ते यायला हवं.

सँगामनची लोकसंख्या वाढली होती, त्यामुळे आता तिचे सात प्रतिनिधी आणि दोन सिनेटर झाले. हे नऊही जण व्हिग आणि सगळे उंच. त्यांची उंची मिळून ५४ फूट भरते असं लोक सांगत आणि त्यांना 'लाँग नाईन' म्हणत. सहा फूट चार इंचांचा लिंकन त्यांचा म्होरक्या झाला. त्यांच्यापुढे काम एकच होतं, राजधानी आपल्या काउंटीतल्या स्प्रिंगफील्डला आणायची. कायद्यानं व्हँडेलियाला वीस वर्षं मिळाली होती आणि ती संपत आली होती. व्हँडेलियाच्या लोकांना हे कळत होतं. त्यांनी त्या उन्हाळ्यात पुढाकार घेऊन नवं विधानभवन उभं केलं. डिसेंबरमध्ये अधिवेशन भरलं तेव्हा गिलावा अजून ओला होता. ती पांढरी इमारत आजही जागेवर आहे.

या अधिवेशनाला राज्यभरातून माणसं आली ती दोन स्वप्नं घेऊन: प्रत्येकाच्या गावाला रेल्वे आणि प्रत्येकाच्या गावाला राजधानी. २७ फेब्रुवारी १८३७ ला अंतर्गत सुधारणांचा कायदा झाला. एक कोटी डॉलरहून अधिक खर्च. नद्या, रस्ते आणि सुमारे तेराशे मैल रेल्वे. ज्या काउंट्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही त्यांची तोंडं बंद करायला दोन लाख डॉलर वेगळे. राज्याचं सालीना उत्पन्न तेव्हा लाखभर डॉलरही नव्हतं. शिवाय कुठल्याही भागाला आधी आणि कुठल्याला नंतर असं होऊ नये म्हणून सगळीकडे एकदमच काम सुरू करायचं ठरलं. अंथरूण पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. लिंकन या कायद्याचा उत्साही समर्थक होता. न्यू यॉर्कचा डी विट क्लिंटन ईरी कालव्यामुळे अमर झाला, तसं आपण इलिनॉयचे क्लिंटन व्हावं अशी इच्छा त्यानं आपला मित्र जोशुआ स्पीड याच्यापाशी बोलून दाखवली होती.

दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राजधानीसाठी मतदान झालं. चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डला ७३ मतं पडली आणि व्हँडेलियाला १६. त्याआधी राजधानी हलवण्याचं विधेयक दोनदा बासनात गेलं होतं आणि लिंकननं दोन्ही वेळा रात्रीतून मतं फिरवून ते बाहेर काढलं होतं. एक दिवसाच्या अंतरानं दोन मोठे निर्णय झाले, तेव्हा लोकांनी साहजिक निष्कर्ष काढला: लाँग नाईननी रेल्वेला मतं दिली आणि बदल्यात राजधानी घेतली. हा आरोप तेव्हाच सुरू झाला आणि शंभराहून अधिक वर्षं चरित्रकारांनीही तो खरा मानला. १९६५ मध्ये पॉल सायमन यांचं या काळावरचं पुस्तक आलं. ते स्वतः इलिनॉयच्या विधिमंडळाचे सदस्य होते, पुढे वॉशिंग्टनला सिनेटर झाले. विधिमंडळ आतून पाहिलेल्या या माणसानं सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदी काढून कुणी कुठे काय मत दिलं ते पडताळलं, आणि सरसकट सौद्याचा आरोप त्या मतांवरून सिद्ध होत नाही असं दाखवून दिलं. मला सायमन यांची पद्धत पटते. पुढाऱ्याबद्दल मत बनवायचं तर त्यानं दिलेलं मत आधी पाहावं. पण सौदा झाला नाही म्हणून योजना शहाणपणाची ठरत नाही. लिंकन कुणाच्या दबावाखाली तिच्या बाजूनं गेला नव्हता. त्याचा तिच्यावर मनापासून विश्वास होता आणि तो विश्वास चुकीच्या हिशेबावर उभा होता.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या लेखी नोंदीच्या पानाकडे येतो, कारण या सगळ्या कारकिर्दीत माझं मन तिथेच अडकतं.

गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्या संघटना उत्तरेत वाढत होत्या आणि दक्षिणेतल्या राज्यांनी इतर राज्यांना पत्रं धाडून त्यांचा निषेध करायला सांगितलं होतं. इलिनॉय उत्तरेचं राज्य असलं तरी तिथले बरेच लोक केंटकी, टेनेसी, व्हर्जिनियातून आलेले. २० जानेवारी १८३७ ला सभागृहानं ठराव केला: अशा संघटना आम्हाला मान्य नाहीत, गुलामांवरचा मालकी हक्क राज्यघटनेनं पवित्र मानला आहे, आणि डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियामध्ये, म्हणजे देशाच्या राजधानीच्या प्रदेशात, तिथल्या नागरिकांच्या इच्छेविरुद्ध गुलामगिरी रद्द करता येणार नाही. लिंकननं एक दुरुस्ती सुचवून पाहिली, ती फेटाळली गेली. ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. त्या सहांत लिंकन होता. सिनेटमध्ये तर विरोधात एकही मत पडलं नाही.

त्यानंतर सहा आठवडे काहीच घडलं नाही. राजधानीचं मतदान पार पडलं आणि मग, ३ मार्चला, निषेधाचा एक लेख सभागृहाच्या नोंदीत दाखल झाला. राज्याच्या १८१८ च्या घटनेत अशी सोय होती की कुठल्याही दोन सदस्यांना एखाद्या ठरावाविरुद्धची आपली कारणं नोंदीत घालता येत. एकट्याला तो हक्क नव्हता. दुसरी सही दिली सँगामनच्याच डॅन स्टोननं, तो लवकरच न्यायाधीश झाला. लेख छोटा आहे. गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, असं त्यात आधी म्हटलं आहे. पण लगेच पुढे, गुलामगिरी बंद करण्याच्या प्रचारानं तिचे दुष्परिणाम कमी होण्याऐवजी वाढतात, असंही आहे. राज्यांमधल्या गुलामगिरीला हात लावण्याचा काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेला, अधिकार नाही, डिस्ट्रिक्टमध्ये आहे, पण तिथल्या लोकांनी मागणी केल्याशिवाय तो वापरू नये.

आज वाचताना हे फार बेताचं वाटतं. ज्यांच्या पाठीवर आसूड पडत होते त्यांच्यासाठी यात काहीच नव्हतं. आणि तारखा पाहिल्या की तो विलंबही खटकतो. मतं हवी होती तोवर निषेध खिशात राहिला, राजधानी हाती आली तेव्हा तो बाहेर निघाला. हा हिशेब लिंकननं केला असणार यात मला शंका नाही. तरीही तो पुढे निघून जाऊ शकला असता. विरोधातलं मत देऊन झालं होतं, कुणी काही मागत नव्हतं, काउंटीतल्या एकाही मतदारानं त्यासाठी त्याला शाबासकी दिली नसती. ज्या राज्यात त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ऑल्टन गावी गुलामगिरीविरोधी संपादक एलिजा लव्हजॉय याला जमावानं गोळ्या घातल्या, तिथे आपल्या नावानिशी 'अन्याय' हा शब्द सरकारी नोंदीत घालणं सोपं नव्हतं. १८६० मध्ये उमेदवार म्हणून स्वतःची हकीकत लिहून दिली तेव्हा लिंकननं हा निषेध मुद्दाम नमूद केला आणि त्या प्रश्नावरची आपली भूमिका तिथवर तीच असल्याचं सांगितलं.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक. इलिनॉयच्या सभागृहात १८३७ मध्ये अशा ठरावाला नुसतं 'नाही' म्हणायला ८३ पैकी सहाच जण तयार झाले होते, आणि त्यांच्यातला सर्वांत पुढे गेलेला माणूसही मुक्तीच्या चळवळीपासून अंतर राखून होता. फुल्यांनी ज्यांचा गौरव केला त्यांना किती दुरून यावं लागलं, हे यावरून कळतं.

पुढची चार वर्षं पडझडीची. मे १८३७ मध्ये देशभर बँका कोसळल्या आणि कर्जावर चाललेली इलिनॉयची कामं एकेक करून थांबली. लिंकन मात्र मागे हटेना. अर्धवट सोडलं तर सगळंच वाया जाईल, असा त्याचा युक्तिवाद. १८३९ च्या जानेवारीत त्यानं केंद्र सरकारकडून राज्यातली सुमारे दोन कोटी एकर सार्वजनिक जमीन एकरी २५ सेंटनं घ्यावी आणि विकून कर्ज फेडावं, अशी योजना मांडली. ती कागदावरच राहिली. जुलै १८४१ मध्ये राज्यानं व्याज थकवलं. सगळ्या आराखड्यातून प्रत्यक्षात धावली ती 'नॉर्दर्न क्रॉस'ची एक छोटी लाईन, आणि १८४७ मध्ये तीही लिलावात २१,१०० डॉलरला गेली. कर्जाची फेड १८८० च्या दशकापर्यंत चालू होती. म्हणजे लिंकनच्या उत्साहाचं बिल त्याच्या मृत्यूनंतर दीड दशक इलिनॉयचा शेतकरी भरत होता.

५ डिसेंबर १८४० चा प्रसंग याच पडझडीतला. स्टेट बँकेला नोटांच्या बदल्यात नाणी न देण्याची सवलत अधिवेशन संपेपर्यंतच होती. अधिवेशन संपवून बँकेला कोंडीत पकडायचं असा डेमोक्रॅट पक्षाचा बेत. नवं विधानभवन अजून अपुरं असल्यामुळे सभागृह स्प्रिंगफील्डच्या एका चर्चमध्ये भरत होतं. कोरम होऊ नये म्हणून व्हिग सदस्य बाहेर राहिले. लिंकन आणि जो गिलेस्पी यांच्यासारखे दोनतीन जण लक्ष ठेवायला आत होते. काही विरोधक सदस्य आजारपणातून उठून आले आणि कोरम भरला, हे लक्षात येताच दाराकडे धाव घेतली तर दार बंद. मग खिडकी उघडून त्यांनी बाहेर उड्या टाकल्या. उपयोग शून्य, कारण त्यांची हजेरी आधीच लागली होती. विरोधी पत्रानं यथेच्छ टर उडवली, इतक्या लांब पायांना उडी ती कसली म्हणून. लिंकनला हा विषय काढलेला पुढे कधीच आवडला नाही, आणि ते बरोबरच होतं. सभागृह बंद पाडून बँक वाचवणं हे त्याच्या कारकिर्दीतलं कमी प्रतीचं काम होतं.

दोनदा सभापतिपदासाठी पक्षानं त्याचं नाव पुढे केलं, दोन्हीदा तो हरला. १८४१ च्या जानेवारीत मेरी टॉडशी ठरलेलं लग्न मोडलं आणि तो कित्येक दिवस सभागृहात फिरकलाही नाही. १८४२ ला त्यानं उमेदवारी केली नाही.

पण मतांचं गणित त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्या काळी देशाच्या सिनेटवर कोण जाणार हे राज्यांची विधिमंडळं ठरवत. १८५४ मध्ये लिंकन पुन्हा आमदार म्हणून निवडून आला आणि सिनेटची वाट मोकळी राहावी म्हणून ती जागा त्यानं सोडली. फेब्रुवारी १८५५ च्या मतदानात पहिल्या फेरीला तो सर्वांत पुढे होता. मतं घटताना दिसली आणि गुलामगिरीच्या विस्ताराला अनुकूल माणूस निवडून येण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा त्यानं आपली मतं लायमन ट्रंबुलकडे वळवली. पहिल्या फेरीत ट्रंबुलला अवघी पाच मतं होती. तो निवडून आला. स्वतःचा पराभव पत्करून नेमकं केव्हा थांबायचं, हे व्हँडेलियातच शिकता येतं. माझ्या लेखी आमदार लिंकनची खरी कमाई ती.

१ फेब्रुवारी १८६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंकननं गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर सही केली. त्याच दिवशी इलिनॉयच्या विधिमंडळानं तिला मान्यता दिली, सर्व राज्यांत सर्वप्रथम. त्याच महिन्यात, शिकागोतला कृष्णवर्णीय शिंपी जॉन जोन्स याच्या मोहिमेला यश येऊन काळ्यांवर निर्बंध घालणारे राज्याचे कायदेही रद्द झाले. १८७६ साली जॉन डब्ल्यू. ई. थॉमस शिकागोतून इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून गेला. तो त्या राज्याचा पहिला कृष्णवर्णीय आमदार. त्याचा जन्म अलाबामात गुलाम म्हणून झाला होता. हॉटेलं, नाटकगृहं आणि आगगाड्यांत वर्णभेद करायला बंदी घालणारा इलिनॉयचा पहिला नागरी हक्क कायदा त्यानंच १८८५ मध्ये मंजूर करून घेतला.